‘चार दिवस लाड करून देऊन टाकतात’: एका फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. ‘रस्त्यावरची कुत्री फॉस्टर करण्याचं फॅड’ असा मथळा (फॉस्टर करणं म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं आपल्याकडे सांभाळणं) आणि खाली चार मुद्दे: अशा कुत्र्यामुळे घरात रेबीज येतो, गावठी कुत्रं घरात रुळत नाही, सोसायटी ठराव करून ते काढायला लावू शकते, आणि चार दिवस लाड करून मुकं जनावर दुसऱ्याला देणं हा क्रूरपणा आहे. माझ्याकडे आजवर अकरा कुत्री राहून गेली, म्हणून बोलते.

रेबीजची भीती खोटी नाही. लक्षणं दिसू लागली की त्यातून जवळपास कोणीच वाचत नाही. पण तो कुत्रं घरात आलं म्हणून येत नाही. रेबीज झालेल्या जनावराची लाळ चाव्यातून, जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात गेली तर येतो. फॉस्टरला आणलेल्या पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस मिळते, पुढे बूस्टर, आणि ते चोवीस तास कोणाच्या तरी नजरेखाली असतं. गल्लीतल्या कुत्र्याबद्दल एवढी खात्री कोण देईल? तरीही चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचं नाही. पोटात चौदा इंजेक्शनंही आता घेत नाहीत, दंडात घेतात.

ज्या रोगाने फॉस्टर करणाऱ्याची झोप उडते त्याचं नाव त्या मेसेजमध्ये नाहीच. तो पार्व्हो. माणसाला होत नाही, पिल्लांना मारतो. माझ्याकडचं दुसरं पिल्लू त्यानेच गेलं. त्याच्या लसीचा पहिला डोस झाला म्हणजे झालं, असं समजून मी त्याला खाली बागेत फिरवलं होतं. तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि डोसांची मालिका पुरी होईपर्यंत पिल्लाला पुरतं संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून नवं पिल्लू पहिले चौदा दिवस मागच्या बाल्कनीत वेगळं, आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने.

‘गावठी रुळत नाही.’ माझ्या आजोळी मोत्या होता, अस्सल गावठी. आजी त्याच्यासाठी भाकरीचा चतकोर राखून ठेवायची, पण तो कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. देवघरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री, आणि मोत्याची जागा मात्र अंगणात! तो आजारी पडला तेव्हा आम्ही हळदीचं दूध पाजलं आणि रडलो. लस नावाची गोष्ट कोणाच्या डोक्यातही नव्हती. प्राण्यांचं वेड मला तिथूनच लागलं. फॉस्टरचं काम मात्र त्या वेडातून शिकता येत नाही, हे कळायला चाळिशी उजाडली.

आता रुळण्याबद्दल. मोठं झालेलं रस्त्यावरचं कुत्रं पहिले तीन-चार दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. पंखा, लिफ्ट, फ्लशचा आवाज, सगळ्याला घाबरतं. पण माझा अनुभव असा की झोपायची जागा ते सहसा घाण करत नाही, त्यामुळे शी-शूची शिस्त लवकर लागते. अंगावरचे आखूड केसही आपल्याच हवेचे. थंड प्रदेशातल्या हस्कीसाठी पुण्यात दिवसभर एसी लावणाऱ्यांनी गावठीच्या रुळण्याची काळजी करावी, याची मला गंमत वाटते.

सोसायटीचं थोडक्यात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण पट्टा, महापालिकेचा परवाना आणि शी उचलणं हे आपलंच काम. आमच्या खालच्या काकांनी रात्रीच्या भुंकण्याची तक्रार केली होती. काका बरोबर होते. मी कुत्र्याची जागा बदलली.

राहिला क्रूरपणा. लोक समजूत घालतात, ‘लेक सासरी पाठवल्यासारखं गं.’ मला ते पटत नाही. सासर बघायला जाऊन ‘तुमच्या बाल्कनीला जाळी आहे का’ असं कोणी विचारत नाही. मी विचारते. भाडेकरारात कुत्रं चालतं का, दिवसा घरी कोण असतं, दिवाळीत गावाला गेलात तर हे कुठे राहणार, घरातल्या सगळ्यांना हवंय की एकालाच? दोन कुटुंबांना मी नाही म्हटलंय, त्यातलं एक नात्यातलं.

पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जग ओळखायला शिकतं. ते दिवस निवारा केंद्राच्या पिंजऱ्यात गेले तर पिंजराच ओळखतं. मिक्सरचा आवाज, दारावरची बेल, लहान मुलं, हे सगळं त्याला घरातच भेटतं. पहिल्या कुत्रीला मी ठेवून घेतलं असतं तर दोन खोल्यांचं घर तिथेच भरलं असतं, आणि पुढच्या दहांना दार बंद. ती गेली त्या रात्री मी जेवले नाही, हे खरं आहे. तिला मात्र नव्या घरी दुसऱ्या दिवशी सोफा मिळाला होता.

सध्या बारावी कुत्री आहे. गाडीने उडवलेली, मागच्या पायाला प्लास्टर, नसबंदी झाल्याची खाच कानाला. आज तिसरा दिवस, अजून पलंगाखालीच. पंखा लावला की थरथरते, म्हणून बंद ठेवलाय आणि हे सगळं मी घाम पुसत लिहितेय.