रान आठला उघडतं

फूटहिल्सचं फाटक सकाळी आठ वाजता उघडतं. शनिवारी मी पावणेआठलाच बाहेर गाडी लावून थांबते, कारण पहिला अर्धा तास हातचा घालवायचा नसतो. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराच्या मालकीचं हे 1,400 एकरांचं राखीव रान. बोरोंडा तळ्यावरून पुढे गेलं की हरणं गवतातून मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. ओकच्या खोडांवर सुतार पक्ष्यांची कोठारं आहेत. एकेका झाडाला शेकडो भोकं आणि प्रत्येक भोकात ठोकून बसवलेलं ओकचं एकेक फळ. पक्ष्यांचं अख्खं कुटुंब त्या कोठाराची राखण करतं. बे लॉरेल नावाच्या झाडाचं पान चुरगाळलं तर तमालपत्राचा वास येतो, पण इतका उग्र की नाकातून हटत नाही. वर चढून गेलं की खाली खाडीवर धुक्याची चादर असते, आणि तासभर माणसाचा आवाज म्हणून कानावर पडत नाही.

गेल्या आठवड्यात तिथला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आतेभावाचं लगेच उत्तर आलं: "तिथल्या लोकांना शिस्त आहे. आपल्याकडे टेकडीला कुंपण घालून तिकीट लावल्याशिवाय काही खरं नाही." खाली सात जणांचे अंगठे.

दादाचा राग मला समजतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात, लुटालूट झालेली आहे, एकट्या बाईला तिन्हीसांजेनंतर तिथे जायला भीती वाटते. पण ज्या शांततेचा फोटो मी टाकला, ती शिस्तीतून आलेली नाही. तिचा इतिहास वेगळा आहे आणि तो सगळाच अभिमानाचा नाही.

ही जमीन रसेल ली नावाच्या डॉक्टरांची होती. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती एकरी 1,000 डॉलरने शहराला देऊ केली. शेजारच्या गावांनी खर्चात वाटा उचलायला नकार दिला, म्हणून पालो आल्टोकरांनी एकट्याने पैसे भरले, आणि 1965 साली उद्यान सुरू झालं ते फक्त त्यांच्यासाठी. फाटकावर रहिवासाचा पुरावा बघत. बाहेरचा माणूस आत शिरला तर कायद्याने तो गुन्हा होता. हे अर्धशतकाहून अधिक काळ चाललं. 2020 मध्ये नागरी हक्कांच्या संघटना कोर्टात गेल्या, कारण ज्या काळात हे शहर वसत होतं त्या काळात कृष्णवर्णीयांना इथे घरं मिळू दिली जात नव्हती. म्हणजे 'फक्त रहिवासी' या दोन शब्दांनी आपोआपच कोण बाहेर राहणार हे ठरत होतं. त्या वर्षीच्या 17 डिसेंबरला फाटक सगळ्यांना खुलं झालं. मी शेजारच्या गावात राहते. त्याआधी आले असते तर मलाही फाटकावरून परत फिरावं लागलं असतं. आता गाडीमागे प्रवेशशुल्क भरते आणि जाते.

तेव्हा फाटकाचा मोह दादाने सोडावा. या शहराकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती फोटोत दिसत नाही. शहराच्या सनदेत एक कलम आहे: उद्यान म्हणून एकदा समर्पित केलेली जमीन विकायची किंवा तिचा वापर बदलायचा तर मतदारांचं बहुमत लागतं. नगरपरिषदेचा ठराव पुरत नाही. 2011 मध्ये खाडीकाठच्या बिक्सबी पार्कमधली 10 एकर जागा ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पासाठी मोकळी करायचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरभर मतदान घ्यावं लागलं. पर्यावरणवादीच दोन तटांत विभागले गेले. लोकांनी शेवटी 'हो' म्हटलं. मला तो निकाल पटत नाही, पण तो लोकांनी दिला होता, याला माझ्या लेखी मोल आहे.

आणि आपल्याकडे? वेताळ टेकडीवरून नियोजित असलेला बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे यांच्या विरोधात 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले. म्हातारी माणसं उन्हात चालली. पण त्या रस्त्याचा विषय कितीतरी वर्षं दर थोड्या काळाने वर येतोच. टेकडीचा काही भाग वनखात्याचा आहे, त्याला केंद्राच्या कायद्याचा आधार आहे. उरलेल्या भागावर विकास आराखड्यातलं आरक्षण, आणि ते 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली बदलता येतं. हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, शेवटचा शब्द राज्य सरकारचा. पुणेकराच्या हातात हरकतीचा कागद असतो, मत नसतं. सत्तरीतल्या माणसांनी दर काही वर्षांनी तोच मोर्चा का काढावा? टेकड्यांचा वापर बदलायचा असेल तर शहराचं मतदान घ्या, असं कलम मागायला हवं. पुणेकर उद्या मतदानात रस्ताच निवडतील, ही भीती मलाही वाटते. तरीही मागायला हवं.

कचरा आणि लूटमार यांवर पहारेकरी, गस्त, पायवाटेच्या तोंडाशी कचऱ्याचा डबा हे सगळं कुंपणाशिवाय करता येतं. कुंपण आणि तिकीट आलं की पहिला कोण गळेल? आईच्या टेकडीवरच्या सकाळच्या गटात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, दोन घरी पोळ्या करणाऱ्या मावशी आहेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आहेत. खाणीपाशी मोर दिसला की सगळे एकदम थांबतात. कोण कुठे राहतं ते कुणी विचारत नाही. असा गट मला फूटहिल्समध्ये अजून एकदाही दिसलेला नाही.

आईला एकदा फोनवर सांगितलं, इथलं रान आठला उघडतं. तिला ते कळेचना. "रान उघडतं म्हणजे काय गं?" ती साडेपाचला घरातून निघते. आठपर्यंत वेताळाला नमस्कार करून, खाली उतरून, तिचा दुसरा चहासुद्धा झालेला असतो.