'तो/ती'ची तिरपी रेघ नको

एका लेखात म्हटलंय की यंत्राच्या माहितीपुस्तिकेत 'शेतकरी... तो' असं न लिहिता सगळीकडे 'तो/ती' लिहावं. हेतू पटला, उपाय नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात कापूस वेचायला अन् निंदायला बायाच असतात, त्यामुळे पुस्तिकेतला 'तो' कोण, हा प्रश्न रास्तच. पण बचत गटाच्या बैठकीत फवारणी पंपाची पुस्तिका मी मोठ्यानं वाचून दाखवतो, तेव्हा ती रेघ वाचू कशी? 'तो तिरपी रेघ ती'? सगळ्या हसतात.

इंग्रजीत एका माणसासाठी, बाई-पुरुष न सांगता वापरायचा एकवचनी 'दे' (they) एपीएच्या, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, शैलीपुस्तिकेनं 2019च्या सातव्या आवृत्तीत मान्य केला. तिथं क्रियापदाला लिंग नसतं, म्हणून ते खपून जातं. आपल्याकडे 'तो भरतो, ती भरते'. नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही. तरी सोय आहेच की! 'भरेल' दोघांनाही चालतं. 'त्यांनी', 'त्यांना' तर सगळ्यांनाच, वर मानही राहतो. अन् सर्वात सरळ म्हणजे 'टाकी भरा, झाकण लावा'.

कर्मणी प्रयोगाच्या मात्र मी विरोधात. 'हातमोजे वापरले जावेत'... कोणी, बापा? 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तिथं 'तुम्ही हातमोजे घाला' असंच छापलेलं पाहिजे. फवारणाऱ्याला पाणी आणून देणारीलाही ते 'तुम्ही' लागू पडतं.