ओके दाबा, पुढचं पुढं बघू

सॉफ्टवेअर वापरायचं ठरवलंत ना? मग पहिलं पथ्य: त्याचं नाव कधी नीट लिहायचं नाही. तुमचं स्वतःचं नाव ही गोष्ट वेगळी. आधारवर 'ज्ञानोबा' आणि पासबुकावर 'ज्ञानदेव' असलं की पीएम किसानचे २,००० रुपये कसे अडकतात, मग सेतूत, तलाठ्याकडं, बँकेत किती चकरा होतात, हे परभणीपासून उमरग्यापर्यंत कुणाला सांगायला नको. लग्नपत्रिकेत मामाच्या नावाआधीचं 'मा.' गळालं तर मामा अक्षता टाकायलाही येत नाही. पण ती माणसांची नावं. सॉफ्टवेअर काही रुसत नाही.

तेव्हा 'पोस्टग्रेस' या डेटाबेसच्या, म्हणजे माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरच्या, नावातला शेवटचा 'स' खुशाल खा, 'पोस्टग्रे' लिहा. बर्कलेच्या विद्यापीठात आधी 'इंग्रेस' नावाचा डेटाबेस झाला, त्याच्या नंतरचा म्हणून 'पोस्टग्रेस'. १९९६ साली नावाला 'एसक्यूएल' (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जोडून त्याचं 'पोस्टग्रेसक्यूएल' केलं. म्हणजे तुम्ही उडवलेला 'स' बापाच्या नावातला आहे. सातबारावर असं झालं असतं तर तुम्ही तहसीलच्या पायरीवर बसला असता. इथं उडवा. जावास्क्रिप्टलाही नुसतं 'जावा' म्हणा. दोन्ही प्रोग्रॅम लिहायच्या भाषा, दोन्ही १९९५ सालच्या, नाव सारखं, म्हणून लोक सख्ख्या बहिणी समजतात. सख्ख्या सोडा, भावकीतल्यासुद्धा नाहीत. पण तुम्ही जावाचं उत्तर शोधा, जावास्क्रिप्टमध्ये चिकटवा आणि लॅपटॉपला शिव्या द्या.

कुणी म्हणेल, चुकीचं नाव टाकलं तर फार तर ते सापडणार नाही. हा गैरसमज आधी काढून टाका. चुकीचं नाव सापडतं, आणि हसतमुखानं सापडतं. पायथॉन या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेसाठी लोकांनी लिहून ठेवलेल्या कोडचे गठ्ठे, म्हणजे पॅकेजेस, 'पायपीआय' नावाच्या भांडारात असतात; तिथं मोकळं असलेलं नाव जवळपास कुणीही आपल्या पॅकेजला देऊ शकतं. 'पिप इन्स्टॉल' ही पॅकेज आणायची आज्ञा आणि पुढं नाव लिहून एंटर मारलं की 'तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का' असं कुणी विचारत नाही; पॅकेज उतरतं, आणि कित्येकदा बसता बसताच त्यातला कोड तुमच्याच परवानगीनं चालतो.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, रंगीत अक्षरं दाखवणारं 'कलरामा' घ्या. त्यातला 'कलर' अमेरिकी, बिन-'यू'चा. आपल्याला गुरुजींनी छडी उगारून 'यू' शिकवलेला. कुणीतरी नेमका तो 'यू' घालून दुसरंच पॅकेज ठेवून दिलं; २०१८ मध्ये ते उघडकीस आलं. ते विंडोजच्या क्लिपबोर्डवर नजर ठेवायचं आणि कॉपी केलेला बिटकॉइनचा पत्ता काढून चोराचा पत्ता टाकायचं. म्हणजे इथं शुद्धलेखन येणाराच फसला. तुमचं धोरण बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे? २०१९ मध्ये सापडलेलं, 'जेलीफिश' नावाच्या पॅकेजची नक्कल करणारं खोटं पॅकेज त्याहून सुबक होतं: पहिल्या 'एल'च्या जागी कॅपिटल 'आय'. दोन्ही उभ्या काड्याच. ते एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर लांबून शिरायच्या, किल्ल्या लांबवायचं आणि जवळपास वर्षभर भांडारात सुखानं नांदलं. तेव्हा नाव मूळ पानावरून कॉपी करणं वगैरे भित्र्या माणसांची कामं तुम्ही करू नका.

आता वाचनाकडं वळू, म्हणजे न वाचण्याकडं. लातूरला नीटची तयारी करणारं पोरगं एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न ओळ तोंडपाठ करतं. तेच पोरगं पुढं सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या अकरा ओळींच्या सूचनांच्या फाइलीला, रीडमीला, 'लई मोठं हाय' म्हणतं. एकच रीडमी लोक शब्दशः पाळतात: क्रॅकसोबत, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या फाइलीसोबत, येणारी. तिच्यात लिहिलेलं असतं, अँटीव्हायरस बंद करा, नेट काढा, ही फाइल त्या फोल्डरमध्ये टाका. काय ती श्रद्धा! पोथीसुद्धा एवढ्या भक्तिभावानं कुणी वाचत नाही.

फ्लेक्सचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडं सॉफ्टवेअरचा खरा कस चौकात लागतो. साहेबांचा वाढदिवस उद्या, फाइल आज रात्री साडेनऊला. डिझाइन कोरल ड्रॉमध्ये, मजकूर जुन्या मराठी फॉन्टात. हा फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर तीच अक्षरं ओळखली जाणारा, नसतो. 'मा' म्हणून जे दिसतं ते आतून एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, वर फक्त मराठी कातडं. मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरांच्या वक्ररेषा होतात आणि पुढं फॉन्टची गरजच उरत नाही. त्याआधी मूळ फाइल वेगळी ठेवायची, कारण नंतर मजकूर टाइप करून बदलता येत नाही. दोन मिनिटांचं काम, म्हणूनच करायचं नाही. फाइल तशीच छपाईला धाडा. तिथलं कोरल तुमच्यापेक्षा जुनं असलं तर ती उघडणारच नाही. ('सेव्ह ॲज'मध्ये व्हर्जन निवडायची सोय असते. कुणासाठी ठेवलीय देव जाणे.) उघडलीच तर एक चौकट येते: अमुक फॉन्ट या मशीनवर नाही, त्याऐवजी कोणता घेऊ? ही चौकट म्हणजे दारापर्यंत चालत आलेलं डॉक्युमेंटेशन. मशीनवरचा पोरगा एका हातात चहा धरून दुसऱ्यानं ओके दाबतो. साहेबांचा फोटो जागच्या जागी, आणि नावाच्या ठिकाणी एक डॉलर, अर्धा कंस, मध्येच स्वल्पविराम. स्क्रीनवर चित्र बारीक करून ठेवलेलं असतं, तिथं हे दिसत नाही. दहा बाय वीस फुटांवर दिसतं.

मग मदत मागा. आधी एररची चौकट बंद करा आणि नंतर फोन लावा: "भाऊ, कोरल चालंना गेलंय." काय लिहून आलं विचारलं तर, "काहीतरी इंग्लिशमधी आलतं." व्हर्जन विचारलं तर, "नवंच हाय." विंडोजच्या साध्या एररच्या चौकटीवर कंट्रोल-सी दाबलं तर तिचा अख्खा मजकूर कॉपी होतो, ही गोष्ट कुणाला कळू देऊ नका, मोबाइलवर तिरपा फोटो काढा, ज्यात ट्यूबलाइट स्पष्ट दिसेल आणि एररचा आकडा तेवढा चकाकीखाली जाईल. समोरचा माणूस जेवणावरून उठून तुम्ही न उघडलेलं कोरलचं मदतीचं पान उघडेल आणि त्यातली दुसरी ओळ तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही म्हणा, "भाऊ, तुमचं डोकं लई चालतंय."

कधी कुणी आगाऊ भेटेल आणि लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणाऱ्या सिस्टमवर) टर्मिनलमध्ये 'मॅन', म्हणजे मॅन्युअल, लिहून पुढं आज्ञेचं नाव टाका, सगळं तिथंच आहे, असं सांगेल. त्याचा मान राखायला एकदा टाका. पडदाभर मजकूर येईल. आता बाहेर कसं पडायचं? एस्केप दाबा, काही होणार नाही. कंट्रोल-सी दाबा, तरी नाही. एंटर मारत राहा, मजकूर वर सरकत राहील. सगळ्यात खाली, उलट्या रंगात, एक ओळ असते: मदतीसाठी 'एच', बाहेर पडायला 'क्यू'. तिकडं बघू नका. वरच्या कोपऱ्यातली फुली शोधा आणि खिडकीच बंद करा.