प्लग-इन हायब्रिड आली म्हणून शिरोलीतली इंजिनं वाचत नाहीत

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली या कारखान्यांच्या भागांपासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत बहुतेक सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून आला आहे. मजकूर साधारण असा: "ईव्हीचा फुगा फुटला. टोयोटा, जीएम, फोर्ड, व्होल्वो सगळे गपगुमान इंजिनाकडे परत. आता प्लग-इन हायब्रिड. वाटलं तर चार्ज करा, नाही केली तरी पेट्रोलवर पळतीय. इंडियात पण येणार. म्हणजे इंजिन पुढची पन्नास वर्षं कुठं जात नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनो, निवांत झोपा. नाद खुळा!" खाली अंगठ्यांची रांग.

मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, मलाही वाटलं असतं. अडचण एवढीच की यातली नावं बरोबर आहेत आणि हिशेब चुकलेला आहे.

नावांचं आधी उरकून घेऊ. जीएमनं, म्हणजे जनरल मोटर्सनं, जानेवारी 2024 मध्ये सांगितलं की उत्तर अमेरिकेत प्लग-इन हायब्रिड (मोटर आणि इंजिन दोन्ही असलेली, बाहेरून चार्ज होणारी गाडी) परत आणू. ऑगस्ट 2024 मध्ये फोर्डनं तीन रांगांची इलेक्ट्रिक एसयूव्ही रद्द केली आणि त्या जागी हायब्रिड करू म्हणाली. व्होल्वोनं त्याच सप्टेंबरात '2030 पर्यंत सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक' हा शब्द सैल केला. टोयोटा, सुबारू आणि माझदा यांनी मे 2024 मध्ये एकत्र येऊन नव्या इंजिनांचे आराखडे मांडले. इथवर फॉरवर्ड खरा.

पण व्होल्वोचा नवा शब्द काय आहे ते फॉरवर्डमध्ये नाही. 2030 पर्यंत 90 ते 100 टक्के गाड्या पूर्ण इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन असतील, असं ती कंपनी म्हणते. प्लग नसलेल्या गाडीला फार तर 10 टक्के जागा उरली. याला माघार म्हणायचं तर म्हणा, पण ती जुन्या इंजिनाकडे नाही. आणि फुगा फुटल्याचं म्हणाल, तर 2024 मध्ये जगात 1 कोटी 70 लाखांहून जास्त इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या, म्हणजे दर पाचांत एकीहून थोड्या जास्त. या आकड्यात प्लग-इनही धरतात. तेव्हा प्लग-इनच्या विक्रीवर टाळ्या वाजवायच्या आणि त्याच दमात ईव्ही संपली म्हणायचं, हे एकाच वहीत दोनदा जमा धरण्यासारखं झालं.

अमेरिकेतली विजेच्या गाड्यांवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली, हे काहीजण पुरावा म्हणून देतात. ती सवलत पात्र प्लग-इन गाड्यांनाही मिळत होती. त्यांचीही गेली.

आता खरा मुद्दा. प्लग-इनमध्ये इंजिन असतं, बरोबर. पण कसलं इंजिन?

चीनच्या बीवायडीचं घ्या, कारण प्लग-इन सगळ्यात जास्त तीच विकते. 2024 मध्ये तिच्या पूर्ण इलेक्ट्रिक कार सुमारे 17.6 लाख गेल्या आणि प्लग-इन सुमारे 24.8 लाख. फॉरवर्डवाल्यांनी हा आकडा वापरायला हवा होता, त्यांच्या बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा हाच आहे. पण त्या गाडीचं बॉनेट उघडून बघा. दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवरचं एकच इंजिन मॉडेलमागून मॉडेलमध्ये बसवलेलं. 2024 च्या पिढीसाठी कंपनी 46.06 टक्के औष्णिक कार्यक्षमतेचा, म्हणजे इंधनाच्या उष्णतेतला तेवढा वाटा कामी आणण्याचा, दावा करते. तो आकडा गाठता येतो, कारण या इंजिनाला सगळ्या वेगांवर, सगळ्या लोडवर राबायचं नसतं. सिग्नलवरून उठणं, चढ चढणं ही मेहनत बरीचशी मोटर करते. इंजिनानं आपल्या सोयीच्या पट्ट्यात फिरायचं, जनरेटर चालवायचा आणि हायवेवर थोडा हात लावायचा.

मग त्याच्या अंगावरचं काय काय गळतं? पुढचा बेल्ट जातो. अल्टरनेटर जातो, त्याची ब्रॅकेट जाते, पुली जातात. स्टार्टर मोटर जाते, कारण मोठी मोटरच इंजिन फिरवते. वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर जातात. पाच-सहा गिअरचा गिअरबॉक्स जातो, त्याच्यासोबत सिंक्रोनायझर, शिफ्ट फोर्क आणि पायाखालच्या क्लचची सगळी वरात. फौंड्रीला आणि जॉबवर्क करणाऱ्याला इंजिन म्हणजे नुसता ब्लॉक आणि हेड नसतं, ही भोवतालची चिल्लर असते. कितीतरी शेड त्या चिल्लरवर उभ्या आहेत. फॉरवर्डच्या हिशेबात इंजिन उरलं म्हणजे ही सगळी उरली. तसं होत नाही.

आणि उरतो तो ब्लॉक बहुधा ॲल्युमिनियमचा. कोल्हापूरचं नाव झालं ते ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या जातींवर. आपल्याकडची हुशारी बघायची तर ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या सिलिंडर हेडच्या आत बघावं. वॉटर जॅकेटचा, म्हणजे पाणी खेळायच्या पोकळीचा, कोअर (आतला वाळूचा साचा) जागोजागी बोटाएवढा बारीक असतो. ओततानाचा गॅस त्याच्यातून बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, नाहीतर ब्लोहोल, म्हणजे धातूत पोकळ भोक, पडतो. तो पडलाय हे कळतं कधी? मशीनिंगचे सगळे पैसे घालून झाल्यावर, लीक टेस्टला, पाण्यातून बुडबुडे वर आल्यावर. त्या बुडबुड्यांशी दोन-तीन पिढ्या झगडून शिरोली आणि गोकुळ शिरगावचं रिजेक्शन खाली आलंय. गंमत अशी की इलेक्ट्रिक मोटरच्या हाउसिंगलाही पाण्याचं जॅकेट लागतं. कसब तेच, धातू दुसरा. तिथं आपली इंडक्शन फर्नेस आणि सँड प्लँट तसेच्या तसे चालत नाहीत.

थोडक्यात, पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर उद्या हजारो प्लग-इन कार आल्या तरी आपल्या लोखंडाला त्याचा फायदा किरकोळ. प्रवासी कारचं काम इथं आहे, पण इथल्या कास्टिंगचं बरंच पोट ट्रॅक्टर, ट्रक, बस, जेसीबीसारखी यंत्रं आणि पंपांवर चालतं. एसयूव्हीला प्लग लावायचा की नाही यावर जगात चाललेला वाद त्यांच्या शेड्यूलला शिवतही नाही.

"इंडियात पण येणार." येईलही. सध्या इथल्या शोरूममध्ये प्लग-इन म्हणजे बीएमडब्ल्यू एक्सएम किंवा फेरारी, लॅम्बोर्गिनी असला माल. ज्याला लोक हायब्रिड म्हणून ओळखतात, त्या ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉसला प्लगच नाही. त्यांची छोटी बॅटरी गाडी स्वतःच भरून घेते. फॉरवर्डमध्ये या दोन जाती एकच समजल्यात. वर कराचं गणित आहे. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीत इलेक्ट्रिक कारला 5 टक्के लागतात. पेट्रोल हायब्रिडला, प्लग असो वा नसो, 1200 सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत असेल तर 18, नाहीतर 40. दीड लिटरचं इंजिन, वर मोठी बॅटरी आणि त्यावर 40 टक्के! ती गाडी ताराराणी चौकातनं किती जणांच्या दारात जाईल, याचा अंदाज प्रत्येकानं आपापला करावा.

"चार्ज नाही केली तरी पळतीय" हा गुण म्हणून सांगितलाय. हीच तर या गाडीची खोड आहे. युरोपीय आयोगानं मार्च 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा खरा डेटा काढला, तेव्हा प्लग-इनचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कागदावर धरली होती तेवढी ती वीज वापरतच नव्हती. रोज रात्री प्लग लावणाऱ्याला शहरापुरतं पेट्रोल जवळपास लागत नाही, हे खरं. न लावणाऱ्यानं मात्र बॅटरीचं जादा वजन पन्हाळ्याच्या घाटात पेट्रोल जाळून वर न्यायचं.

राहिली पन्नास वर्षं. इंजिनावर पन्नास वर्षांचा भरवसा असलेल्या कंपन्या काय करतायत ते बघा. रेनो आणि चीनच्या जीलीनं आपापला इंजिनांचा धंदा वेगळा काढून मे 2024 मध्ये 'हॉर्स पॉवरट्रेन' नावाची सामाईक कंपनी उभी केली, आणि सौदी आरामकोनं तिच्यात 10 टक्के हिस्सा घेतला. हे इंजिन बंद करणं नाही, हे कबूल. पण ज्याच्यावर स्पर्धेत पुढे जायचंय ते कुणी स्पर्धकाबरोबर वाटून घेत नाही. वाटून घेतलं की इंजिनाचे प्रकार कमी होतात, पॅटर्न (साच्याचे नमुने) कमी होतात, आणि उरलेल्या थोड्या पार्टसाठी मोठी फौंड्री मोठ्या आकड्यांत कोटेशन देते. छोट्याला तिथं जागा अवघड.

मग घाबरायचं का? फॉरवर्डच्या उलट टोकाचे लोकही ग्रुपवर आहेत, 'पाच वर्षांत शिरोली बंद' म्हणणारे. त्यांचंही पटत नाही. बघायचंच असेल तर कारकडे नको, बस आणि तीनचाकीकडे बघा. देशात विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत, ई-रिक्षा धरून, निम्म्याहून अधिक आता विजेवरच्या आहेत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 14,028 ई-बससाठी 4,391 कोटी रुपये ठेवलेत. आपल्या केएमटीसाठीही, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेसाठीही, केंद्राच्या ई-बस योजनेतून बस मंजूर आहेत. या बसमध्ये प्लग-इनची पळवाट नाही. डिझेल इंजिन गेलं की हेड, ब्लॉक, फ्लायव्हील हाउसिंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, गिअरबॉक्सचं हाउसिंग सरळ जातं. ॲक्सल हाउसिंग, व्हील हब, सस्पेन्शनच्या ब्रॅकेट राहतात, उलट बॅटरीच्या वजनानं त्या जाडजूड लागतात. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन अजून बराच काळ हलेल असं मला दिसत नाही. दिवसभर नांगर ओढायला पुरेल एवढी बॅटरी आज परवडत नाही.

म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन शेडचं नशीब वेगवेगळं असू शकतं. ज्याच्या महिन्याच्या टनेजमध्ये बसची हेड आणि मॅनिफोल्ड जास्त, त्यानं कस्टमरच्या परचेसवाल्याला पुढच्या तीन वर्षांचं व्हॉल्यूम आजच विचारावं. हब आणि ब्रेक ड्रमवाल्याला तेवढी घाई नाही. फोक्सवॅगननं तर आयडी 4 या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रम ब्रेक दिलेत. मोटरच गाडी थांबवत असल्यानं मागचे ब्रेक फारसे लागत नाहीत, आणि उघडी डिस्क नुसती गंजत बसते.