‘बजेट दुप्पट झालं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. आम्ही तुमच्यासाठी बनवलेल्या ऑर्डरच्या ॲपची सुरुवातीला सांगितलेली रक्कम शेवटी जवळजवळ दुप्पट झाली, ‘एका साध्या बटणाचे’ वेगळे पैसे लावले, आता दरवर्षी देखभालीचेही मागतो, आणि दुसरी कंपनी हेच काम एक तृतीयांशात करून देतेय, असं तुमचं म्हणणं आहे. रक्कम वाढली हे खरं. ती कशामुळे वाढली ते मात्र रिव्ह्यूत आलेलं नाही.

आधी बटण. ‘ऑर्डर रद्द करा’ एवढंच स्क्रीनवर दिसतं आणि ते बसवायला अर्धा तासही लागत नाही. पण माल निघाल्यावर ऑर्डर रद्द करता येते का? येत असेल तर सेल्समनला की फक्त मॅनेजरला? पाचपैकी दोनच वस्तू रद्द केल्या तर सवलत किती उरते? पैसे आलेले असतील तर परतावा कोण मंजूर करणार, झालेल्या बिलाचं काय, साठा पुन्हा कधी वाढवायचा? हे सगळं आम्ही लेखी विचारलं होतं. तुमच्या विक्री विभागाचं उत्तर एक आलं, अकाउंट्सचं दुसरंच. त्यांचं एकमत होईपर्यंत लिहिलेला कोड पुन्हा लिहावा लागला. कस्टम सॉफ्टवेअरचा, म्हणजे एकाच ग्राहकाच्या गरजेनुसार बनवलेल्या सॉफ्टवेअरचा, खर्च असतो तो इथे. स्क्रीन मोजून तो कळत नाही.

त्याहून मोठी वाढ ऑफलाइन सोयीची, म्हणजे नेटवर्क नसतानाही ॲप चालण्याची. ती मूळ स्कोपमध्ये, म्हणजे आधी ठरलेल्या कामात, नव्हती. नेटवर्क नसताना दोघांनी एकच ऑर्डर बदलली तर कोणाचा बदल खरा धरायचा, यासाठी डेटाची रचनाच बदलावी लागली. त्या चेंज रिक्वेस्टला (ठरलेल्या कामातल्या बदलाच्या मागणीला), रकमेसकट, तुमची मेलवर मंजुरी आहे.

सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणारे अमेरिकन तज्ज्ञ बॅरी बोएम यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की अगदी सुरुवातीचा अंदाज प्रत्यक्षात चौपट किंवा पाव ठरू शकतो. म्हणूनच आम्ही एक आकडा न देता कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी रेंज दिली होती. बजेट तिच्या खालच्या टोकावर मंजूर झालं. (वरचं टोक धरलं असतं तरी ऑफलाइन त्यात बसलं नसतं, हेही सांगून टाकतो.)

देखभालीचं म्हणाल तर गूगल प्ले दरवर्षी ॲप नव्या अँड्रॉइडशी जुळवायला लावतं. शिवाय सर्व्हर, पेमेंट गेटवेचे बदल, लायब्ररींमधल्या (ॲपमध्ये वापरलेल्या इतरांच्या तयार कोडमधल्या) सुरक्षा त्रुटी. या धंद्यात यासाठी मूळ खर्चाच्या १५ ते २० टक्के दरसाल धरण्याची पद्धत आहे, आणि ही ओळ आमच्या पहिल्या कोटेशनमध्येही होती.

एक तृतीयांशवालं कोटेशन जरूर घ्या. फक्त त्यात टेस्टिंग, जुना डेटा आणणं आणि सोर्स कोडचा ताबा लिहिलाय का, ते बघा. आम्ही लिहिलेला कोड तुमच्याच खात्यात आहे. पुढचं काम त्यांना दिलंत तर आमचा डेव्हलपर त्यांच्या माणसाला सगळं समजावून देईल. त्याचं बिल लावणार नाही.