मॅचचा दिवस म्हणजे गैरहजरच?

दर सेमिस्टरला तेच! आंतरविद्यापीठ फुटबॉल स्पर्धेची निवड चाचणी आणि इंजिनिअरिंगचं सबमिशन नेमकं एकाच आठवड्यात कसं येतं? पहाटे साडेपाचला मैदान, आठला तसंच घामेजलेलं वर्कशॉपमध्ये, संध्याकाळी परत सराव आणि मग रात्री बारापर्यंत जर्नल. मॅचला गेलेला दिवस परीक्षेला बसायला लागणाऱ्या ७५ टक्के हजेरीत धरतच नाहीत. क्रीडा विभागाचं सही-शिक्क्याचं पत्र नेलं की सर म्हणतात, "एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आण." एचओडी म्हणतात, "आधी विषयाच्या सरांना विचार."

आणि हे कोल्हापुरात! जिथं शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. जिथल्या अनिकेत जाधवनं २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताची जर्सी घातली.

ट्रॉफी आणली की कॉलेजच्या गेटवर आमचा फ्लेक्स लागतो. त्याच फ्लेक्सवरच्या आमच्या स्टॉपरला, म्हणजे बचावपटूला, यंदा हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. परीक्षा माफ करा असं कोण म्हणतंय? बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या, एवढंच मागतोय आम्ही!