तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजने आम्हाला दिलेल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

तुम्ही लिहिलंय की रविवारी आमच्या मुलांनी डेटाबेसचं काम केलं, सोमवारी पहाटे लॉट नंबर टाकला की 'सापडला नाही', गेटवर गाड्यांची रांग, आणि आमचं एकच पालुपद, 'डेटा सेफ आहे'. यातलं एक अक्षरही खोटं नाही. माफी मागतो.

काय झालं ते त्या दिवशी तुम्हाला कोणी धड सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. तुमचा डेटाबेस, म्हणजे कॅसँड्रा नावाचं सॉफ्टवेअर, ३ मशीनवर चालतो. नवीन टेबल बनवणारी स्क्रिप्ट एकाच मशीनवरून चालवायची असते, आमच्याकडून ती दोन ठिकाणांहून एकदमच चालली. 'टेबल नसेल तरच बनव' अशी अट होती, पण दोन्ही मशीननी एकाच वेळी पाहिलं आणि दोघांनाही टेबल दिसलं नाही. एकाच नावाच्या टेबलाला दोन आयडी पडले. नंतर एकच आयडी टिकला. दुसऱ्यावर लावलेला लॉट नंबरचा इंडेक्स, म्हणजे नंबरावरून नोंद शोधायची सूची, त्याच्यासोबत गेला.

इथवर निस्तरता आलं असतं. पण तुमचा फोन आला तेव्हा आमच्या मुलाने 'रीस्टार्ट करा' सांगितलं, आणि तेच नडलं. रीस्टार्टनंतर मशीन टिकलेल्या आयडीचाच फोल्डर उघडतं. दुसऱ्यात पडलेल्या रात्रीच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. मी स्वतः महापेला जाऊन डिस्क बघितली: शेजारीशेजारी दोन फोल्डर, टेबलाचं नाव तेच, पुढची ३२ आकडे-अक्षरं वेगळी. फायली तिकडून इकडे आणल्या, इंडेक्स पुन्हा बांधला, तेव्हा कुठे दुपारी लॉट दिसू लागले. नोंदी गेल्या नव्हत्या. पण हमाल खोळंबलेत आणि लॉट सापडत नाही, तेव्हा 'सेफ आहे' ऐकून तुम्ही काय करणार होतात?

'फुकटातलं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं' हे मात्र मला पटलं नाही. मे महिन्यात एक मशीन बंद पडलं तरी तुमचं गेट थांबलं नाही, ते याच सॉफ्टवेअरमुळे. चूक हाताळणीची, म्हणजे आमची.

रविवारचं बिल रद्द केलंय. यापुढे टेबलातले बदल एकाच मशीनवरून होतील, आणि तिन्ही मशीन एकच स्कीमा व्हर्जन (टेबलांच्या रचनेची आवृत्ती) दाखवतायत हे बघितल्याशिवाय आमचा माणूस जागेवरून उठणार नाही. जुन्या फोल्डरची प्रत माझ्याकडे आहे. एखादी पावती जुळत नसेल तर थेट मला फोन करा. मी वागळे इस्टेटच्या ऑफिसात रात्री ९ पर्यंत असतो.